घाटावरची कारवान कोकणात आणताना

फोंडाघाट उतरून आमच्या देवगड तालुक्यात आजवर माझ्याकडे तीन कारवान कुत्री आली. तिन्ही दुसऱ्यांनी टाकलेली. पहिलीच्या मानेवर साखळीचा घट्टा होता. दुसऱ्याचा मागचा पाय मोडून वाकडाच जुळला होता. तिसरी काजळ. तिच्या अंगावर एकही जखम नव्हती, पण माणसाचा हात खांद्याच्या वर गेला की ती जमिनीला चिकटायची.

ही जात घाटावरच्या माळांची. सोलापूर, सांगली, लातूर या पट्ट्यात तिला कारवान किंवा कारवानी म्हणतात, आणि कान-शेपटीला लांब केसांची झालर असली तर पश्मी. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने तिला आश्रय दिला, म्हणून तिकडे ती मुधोळ. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तीच कॅरव्हान हाउंड. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. वासाने माग काढण्यापेक्षा नजरेने सावज टिपून त्याच्या मागे सुटणारी ही कुत्री, इंग्रजीत साइटहाउंड. ग्रेहाउंड, सलुकी त्यांचेच भाऊबंद.

पिल्लू देखणं असतं, चटकन विकलं जातं. वर्षभरात ते कोंबडी मारतं, कुंपण ओलांडतं, हाक मारली तरी मागे वळत नाही. मग साखळी येते आणि शेवटी रस्ता. सशाच्या शिकारीला वापरलेली कुत्रीही पाय मोडला की अशीच सोडून देतात. असं एखादं मोठं झालेलं कुत्रं किनारपट्टीवरच्या घरात आणायचं ठरवलं असेल, तर काय आणि कोणत्या क्रमाने करायचं ते सांगते. घरात त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा आणि घराबाहेर एक क्षणही मोकळं सोडायचं नाही, हे दोन्ही एकदमच पाळावं लागतं.

आणण्याआधी गडगा बघा

आपल्याकडचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, कमरेएवढा असतो. कारवान तो धावत न येता, उभ्या जागेवरून ओलांडते. किमान सहा फूट उंची हवी. चिरे वाढवणं परवडत नसेल तर गडग्याच्या आतल्या बाजूने लोखंडी पाइप रोवून त्यावर नर्सरीला लावतात ती हिरवी जाळी ताणा. ही जाळी उंचीपेक्षाही दुसऱ्या एका कामाची आहे. पलीकडचं दिसत नाही. या कुत्र्यांची शिकार डोळ्यांतून सुरू होते, जे दिसलं नाही त्याच्यामागे बहुतेकदा ती सुटत नाहीत. आमच्या कुंपणाला तारेची उघडी जाळी होती तेव्हा पहिली कुत्री दिवसभर रस्त्यावरच्या मांजरांवर डोळा ठेवून उभी असायची. हिरवी जाळी लागली आणि दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी झोपायला लागली.

बेड्याला, म्हणजे फाटकाला, आतून दुसरं छोटं दार करून घ्या. पाहुणा बाहेरचं दार उघडून आत येईल, ते लावेल, मग दुसरं उघडेल. बहुतेक कुत्री याच क्षणी निसटतात.

बसायला गादी हवी, गोणपाट पुरत नाही. यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. लादीवर किंवा नुसत्या सारवलेल्या जमिनीवर झोपली तर कोपर आणि खुब्यावर आधी घट्टे पडतात, मग जखमा. जुनी कापसाची गादी दुमडून, वर धुता येईल अशी गोधडी. ती अशा कोपऱ्यात टाका जिथून त्याला दार दिसेल, पण माणसांची येजा त्याच्या पाठीमागून होणार नाही.

घाट उतरताना

सकाळी लवकर निघा, म्हणजे घाट उन्हाआधी उतरून होईल. चार-पाच तास आधी खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या. गळ्यात पट्टा आणि छातीपट्टा असे दोन्ही, आणि दोन्हींना वेगळी दोरी. यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळे साधा पट्टा मागे खेचला की कानांवरून सहज निघून येतो. ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा मिळतो, तो घ्या. आवळल्यावर तो डोक्यावरून निघत नाही ना आणि श्वासही अडत नाही ना, हे आधी घरी तपासा. गाडीचं दार उघडण्याआधी दोऱ्या हातात आहेत का ते बघा. वाटेत चहाला थांबलात तरी एक जण गाडीत बसून राहू दे.

पहिले पंधरा दिवस: हात खाली ठेवा

सगळ्यात जास्त चुका या दिवसांत होतात आणि त्या प्रेमापोटीच होतात.

घरी आल्यावर शेजारीपाजारी बघायला येणार. त्यांना आठवड्याने यायला सांगा. कुत्र्याला जागा, पाणी आणि शू-शीची जागा दाखवा आणि आपल्या कामाला लागा. हाक मारू नका, टक लावून बघू नका, वरून हात नेऊन डोकं कुरवाळू नका. दिवसातून दोन-तीनदा त्याच्यापासून चार-पाच हातांवर जमिनीवर बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून. भाजी निवडा, पेपर वाचा, काहीही करा. उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे बाजूला ठेवा आणि उठून जा. हात पुढे करून भरवायचा मोह आवरा. तुमच्या हातातून खायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.

काजळने पहिले अकरा दिवस मी खोलीत असताना काही खाल्लं नाही. बाराव्या दिवशी मी कोकमं सोलत बसले होते, तेव्हा मागून तिचं नाक माझ्या कोपराला लागलं. मी हलले नाही. तीन-चार श्वास घेतले तिने आणि परत गादीवर गेली. तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळी, त्याच जागी, त्याच साडीत बसले. अशा कुत्र्याला वागण्यातला सारखेपणा लागतो. रोज तीच वेळ, तीच ताटली, तोच आवाज. आज लाड आणि उद्या चिडचिड झाली की मागचे आठ दिवस वाया जातात.

झोपलेल्याला हात लावून उठवू नका. यांतली बरीच कुत्री डोळे अर्धवट उघडे ठेवून गाढ झोपतात, बघणाऱ्याला ती जागी वाटतात. अचानक स्पर्श झाला तर दचकून चावतात आणि मग घाबरून लपतात. लांबूनच नावाने हाक मारा, शेपटी हलली की जवळ जा. घरात मूल असेल तर गादीभोवती चुन्याने रेघ ओढा. कुत्रं गादीवर असताना मुलाने ती रेघ ओलांडायची नाही. आमच्या पुतणीने हे चौथ्या वर्षी शिकून घेतलं, मोठ्यांनाच ती ओरडायची.

‘बस’ शिकवायच्या मागे लागू नका. या लांब पायांना आणि कडक मांड्यांना बसणं अवघड जातं. ‘थांब’ पुरे. हाकेला यायला शिकवताना एकच आवाज ठरवा, शिट्टी किंवा टाळी, आणि त्या आवाजाला दर वेळी, न चुकता, काहीतरी चविष्ट द्या. त्याच आवाजाने बोलावून कधी अंघोळ घालू नका, औषध पाजू नका.

हाडकं दिसतात म्हणून

“काय गो, ह्या कुत्र्याक जेवाक घालतंस मा?” वाडीतल्या काकी मला हे अजूनही विचारतात. धडधाकट कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची दोन हाडं दिसतातच. पाठीच्या कण्याचा मणी न् मणी मोजता आला, मांडीवर मांस नसलं, तर मात्र कुत्रं उपाशी आहे.

खूप उपाशी कुत्र्याला पहिल्याच दिवशी भरपेट घातलं तर ते दगावू शकतं, कारण एकदम अन्न आल्यावर रक्तातले क्षार कोसळतात. डॉक्टरांना विचारून थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्या आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. नंतर मोठ्या कुत्र्याला दोन वेळा पुरे. माझ्या बावीस किलोच्या काजळला दिवसाला साधारण ३०० ग्रॅम बिनहाडाचं उकडलेलं चिकन, दोन मोठ्या मुदी भात, एक अंडं आणि लाल भोपळा किंवा दुधी लागतो. घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं, म्हणून अंड्याच्या कवचाची अर्धा चमचा बारीक पूड. पोट बिघडलं की एक दिवस मीठ न घातलेली पेज. छाती खोल आणि पोट आत गेलेलं असल्यामुळे पोटाला पीळ पडायचा धोका असतो. जेवणाआधी-नंतर तासभर धावपळ नको. पोट फुगलं, उलटी येतेय पण काही पडत नाही, कुत्रं अस्वस्थ फिरतंय, तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच निघा.

कांदा, द्राक्षं, चॉकलेट कुठेच देऊ नयेत. कोकणात आणखी सांभाळायचं म्हणजे खारवलेली सुकट, शिजवलेली हाडं, माशांचे काटे आणि ओल्या काजूबिया. काजूबीच्या टरफलातला चीक तोंड भाजून काढतो. बोंडाच्या वासाने कुत्री बियांपर्यंत पोचतात.

बाहेर: दोरी सुटता कामा नये

ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जातो आणि कारवान त्याच घडणीची. तांबळडेगच्या किंवा मिठमुंबरीच्या वाळूवर तिला दूरवरची टिटवी दिसते आणि तुम्हाला ती दिसायच्या आत कुत्री निघालेली असते. त्या क्षणी तिला हाक ऐकू येत नाही, ती मुद्दाम दुर्लक्ष करत नसते. म्हणून किनारा कितीही मोकळा वाटला तरी दोरी हातातच. गुंडाळली जाणारी लांब दोरी नको. तिच्या टोकाला पोचेपर्यंत कुत्र्याने वेग घेतलेला असतो आणि झटका मानेला बसतो. धावायला बंदिस्त आंब्याची बाग बघा, पण फवारणीच्या दिवसांत ती वर्ज्य.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आणि बागांच्या कडेला डुकरांसाठी फासे लावलेले असतात, कुठे तारेत वीज सोडलेली असते. करवंदीच्या जाळीतून वेगाने गेलेल्या कारवानची कातडी कागदासारखी फाटते. फाटलीच तर मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका आणि त्याच दिवशी टाके घालून घ्या. हळद कोंबू नका, डॉक्टरांना ती सगळी खरवडून काढावी लागते.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की वाळूत टाकाऊ मासे पडतात. त्यात केंड असतो, फुगणारा. तो विषारी आहे, चघळला तरी कुत्रं लुळं पडू शकतं. काजळला मी किनाऱ्यावर जाळीचं मुसकं घालते. बैलाच्या मुसक्यासारखंच, पण त्यातून तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. लोकांना आधी वाईट वाटायचं. रोज घरी मुसक्यात तूपभात ठेवून तिला त्याची सवय लावली, आता ती स्वतः तोंड घालते.

कोंबड्या, मांजरं, बकऱ्यांची करडं यांची ओळख करून देऊन भरवसा ठेवू नका. घरातल्या मांजराशी गादीवर झोपणारी कुत्री अंगणात पळणाऱ्या त्याच मांजराच्या मागे लागते. शेजाऱ्याची कोंबडी मेली तर त्याच दिवशी जाऊन पैसे द्या. गाव कुत्र्याला सांभाळून घेतं ते तुमच्या वागण्यावरून. आणि ससा, भेकर यांच्यामागे कुत्रं सोडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, कुणी कौतुकाने आग्रह केला तरी.

रात्री घरातच. बिबट्या वाडीत येतो आणि साखळीला बांधलेलं कुत्रं त्याला आयतं मिळतं.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेऊन वजन, रेबीजची आणि लेप्टोस्पायरोसिसचा समावेश असलेली लस आणि जंताचं औषध करून घ्या. कुत्रं धडधाकट असतानाच एकदा रक्ततपासणीही करा आणि कागद जपून ठेवा. त्याचं कारण नीट समजून घ्या. इतर कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण साधारण ३७ ते ५५ टक्के असतं, ग्रेहाउंडमध्ये ते ५० ते ६५ असू शकतं, आणि प्लेटलेट्स मुळातच कमी असतात. आता गोचीडतापातही प्लेटलेट्स कमी होतात. तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा माहीत नसेल, तर निरोगी कुत्र्यावर उपचार होतील, किंवा खरा रक्तक्षय ‘पंचेचाळीस आहे, ठीक आहे’ म्हणून सुटून जाईल. हे आकडे ग्रेहाउंडवर मोजलेले आहेत, म्हणूनच आपल्या कारवानचा स्वतःचा कागद हवा.

नसबंदी किंवा कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर भुलीबद्दल आधी बोला. थायोपेंटोनसारखं औषध या कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, शुद्धीवर यायला खूप वेळ लागतो. “डॉक्टर, ही साइटहाउंड आहे, थायोपेंटोन टाळता येईल का?” एवढं विचारायला संकोच करू नका. माझ्या दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी मी विचारलं नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी उभा राहिला. शुद्धीवर येताना पांघरूण घाला, चरबी नसल्यामुळे अंग पटकन गार पडतं.

उन्हाळा, पाऊस, गोचीड

घाटावर पारा चाळिशीला जातो, आपल्याकडे तेहतीस-चौतीस, मग कोकणात त्रास का व्हावा? कुत्रं धाप टाकून, जिभेवरचं पाणी हवेत उडवून गार होतं. एप्रिल-मेच्या दमट हवेत ते पाणी उडतच नाही. म्हणून फिरणं उजाडताना आणि सूर्य बुडाल्यावरच. कातळावर तळहात ठेवून बघा, पाच सेकंद ठेववला नाही तर कुत्र्याचे पायही भाजतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, चाल लटपटली, तर तिथेच पूर्ण अंगावर विहिरीचं पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखान्यात न्या. गार करायला दवाखान्यापर्यंत थांबू नका.

पावसात उलटं होतं. अंग भिजलं की ही कुत्री कुडकुडतात आणि शू करायला बाहेर जायचंच नाकारतात. काजळने पहिल्या जूनमध्ये सतरा तास अडवून धरली होती. मग पडवीच्या टोकाला, पागोळ्यांच्या आत, एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढी, जागा वाळू पसरून दिली. तिथे आधी तिच्याच शूने भिजलेली थोडी माती टाकली आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न सुटला. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बुरशी तिथेच धरते. शेतातल्या साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो आणि तो माणसालाही लागतो.

गोचिडांसाठी दर महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या. गुरांचं औषध अंदाजाने चोळू नका. पण गोळी देऊनही गोचीड दिसत राहिले तर भिंत बघा. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड अंडी घालायला खाली उतरतो आणि गिलावा नसलेल्या चिऱ्यांच्या भेगा त्याला फार सोयीच्या. आम्ही गादीमागच्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले, तेव्हा कुठे फरक पडला.

सड्यावर फुरसं असतं. चावल्याचा संशय आला तर कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. बांधणं, कापणं, चोखणं काही नको. माणसाला देतात तीच नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवरची लस कुत्र्यालाही चालते. ती कोणत्या दवाखान्यात आहे हे आजच विचारून ठेवा.

चतुर्थी आणि शिमगा

घरात चाकरमानी, आरत्या, भजन, फटाके. गणपतीच्या आठवडाभर आधीपासून रोज कुत्र्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत जेवण द्या, म्हणजे ती जागा त्याची होईल. दाराला आतून कडी आणि बाहेरून चिठ्ठी. शिमग्यात पालखी दारात येते, ढोल अंगणात वाजतो. त्या दिवशी एक जण कुत्र्याजवळच बसून राहिला पाहिजे.

निसटलंच तर

मी हे शिकले कारण काजळ शिमग्यातच गेली. बेड्याचं दुसरं दार त्या वेळी नव्हतं.

पाठलाग करू नका. घाबरलेलं कुत्रं तुमच्यापासूनही पळतं आणि दर हाकेसरशी लांब जातं. ते शेवटचं जिथे दिसलं तिथे तुमचा न धुतलेला कपडा, त्याची गोधडी आणि पाणी ठेवा. मच्छीमार, एसटीचे कंडक्टर, बागेतले राखणे, दूधवाले यांना सांगा, पण एकच गोष्ट सांगा: दिसलं तर पकडू नका, फोन करा. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला पत्रा आधीपासून हवा. मग रात्री उशिरा आणि पहाटे, गाव शांत असताना, त्या जागी एकट्याने जाऊन बसा. कूस करून, पहिल्या पंधरा दिवसांत बसत होतात तसंच.

तिसऱ्या पहाटे चारच्या सुमाराला मी सड्यावर माझ्या जुन्या साडीशेजारी बसले होते. कोपराला नाक लागलं. मी वळले नाही, पट्ट्यात बोट अडकवेपर्यंत बोललेही नाही. घरी आल्यावर आधी थोडं थोडं पाणी, मग मूठभर पेजभात, मग बोटांच्या बेचक्यांतले काटे आणि कानांतले गोचीड, आणि उजाडल्यावर दवाखाना.